गोपनीयतेला मुदत हवी

२०२५च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात नेदरलँड्समध्ये सुमारे सव्वाचार लाख माणसांच्या नावांची यादी इंटरनेटवर खुली झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सत्तेशी हातमिळवणी केल्याच्या संशयावरून ज्यांची चौकशी झाली, त्यांची ही नावे होती. चौकशीची मूळ कागदपत्रेही टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर यायची होती. परंतु तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने हरकत घेतली आणि सरकारने तो बेत तूर्त थांबवला. नावे जगाला दिसू लागली, कागद मात्र हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातच राहिले. त्यानंतर जो वाद पेटला, तो वंशावळीच्या नोंदींबाबत गेली काही वर्षे जगभर चाललेल्या वादाचीच एक आवृत्ती आहे. खासगीपणाच्या कायद्यांनी पूर्वजांचा शोध अशक्य करून टाकला, असे एक बाजू म्हणते. आजोबांची चौकशी नातवंडांपर्यंत का पोहोचावी आणि मेलेल्यांना प्रतिष्ठा नसते का, असे दुसरी विचारते. दोन्ही बाजू तळमळीने बोलतात, पण ‘उघडे की बंद’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतात. माझ्या मते खरा प्रश्न ‘कधीपर्यंत’ हा आहे. जिवंत माणसाच्या संरक्षणासाठी नोंद बंद ठेवणे योग्यच आहे. मात्र त्या बंदीला कायद्याने ठरवलेला शेवटचा दिवस हवा, तो दिवस येईपर्यंत कागद शाबूत राहायला हवा, आणि ज्याचा स्वतःच्या जन्माशी संबंध आहे त्याला त्या दिवसाची वाट पाहायला लावता कामा नये. ही तीन पथ्ये जो कायदा पाळत नाही, तो खासगीपणाचे नाव घेत असला तरी त्याने रक्षण होते ते बहुधा दुसऱ्याच कोणाचे.

आधी पहिल्या बाजूची तक्रार तपासू. मे २०१८पासून युरोपीय संघात लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यावर सगळा दोष ढकलण्याची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात या कायद्याच्या प्रस्तावनेतल्या २७व्या परिच्छेदात तो मृत व्यक्तींच्या माहितीला लागू नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. वेगळे नियम करायचे की नाही, हे सदस्य देशांवर सोपवले आहे. १६०व्या परिच्छेदात तर वंशावळीसाठी होणाऱ्या संशोधनाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि ८९व्या कलमात सार्वजनिक हितासाठी चालणाऱ्या अभिलेखागारांना व ऐतिहासिक संशोधनाला सवलतींची वाट मोकळी ठेवली आहे. या एकाच छत्राखालच्या देशांचे नियम मग किती वेगळे आहेत ते पाहा. फ्रान्सने २००८च्या कायद्याने जन्म आणि विवाहाच्या नोंदींची मुदत शंभर वर्षांवरून पंचाहत्तरवर आणली, आणि १९७०पासूनच्या मृतांची नावनिशीवार यादी २०१९च्या अखेरीस तिथल्या सांख्यिकी संस्थेने कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली केली. जर्मनीत २००९पासून जन्मनोंद ११० वर्षे, विवाहनोंद ८० वर्षे आणि मृत्युनोंद ३० वर्षे निबंधकाच्या ताब्यात राहते. नेदरलँड्समध्ये हेच आकडे १००, ७५ आणि ५० आहेत. डेन्मार्कने मृत्यूनंतरही दहा वर्षे संरक्षण चालू ठेवले आहे. कायदा एक असताना पॅरिसमध्ये गेल्या वर्षीचा मृत्यू सार्वजनिक ठरतो आणि हेगमध्ये चाळीस वर्षांपूर्वीचा मृत्यू गुप्त राहतो, तर दोष ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, कायद्याचा कसा? अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने २०१८मध्ये जन्मनोंदी १२५ वर्षे आणि मृत्युनोंदी ७५ वर्षे बंद ठेवण्याचे ठरवले. तिथे तर जीडीपीआरचा संबंधही नव्हता. ही बंधने स्थानिक निवडीची आहेत. पुष्कळदा ती सावध कारभाराचीही असतात, कारण ‘देता येत नाही’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला जात नाही आणि देणाऱ्याला विचारला जाऊ शकतो.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र असा सहज बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्यामागे विसाव्या शतकातले सर्वांत भयानक प्रकरण उभे आहे. नोंदवह्यांनी माणसे मारली आहेत. नाझी राजवटीत सरकारी नोकरीपासून विवाहापर्यंत सर्वत्र आजी-आजोबांच्या धर्माचा पुरावा मागितला जाई, आणि तो पुरावा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून आणि नागरी नोंदींतून गोळा होई. वंशावळ काढणे हा तेव्हा छंद नव्हता, ती छाननी होती. नेदरलँड्समधली लोकसंख्या-नोंदणी इतकी चोख होती, की ज्यूंना हुडकून काढण्याच्या कामी ती थेट उपयोगी पडली. तिथल्या सुमारे तीन-चतुर्थांश ज्यूंची हत्या झाली. २७ मार्च १९४३च्या रात्री विलेम अरोंडेयस हा डच प्रतिकारक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात स्फोट घडवले, ते हीच कार्डे जाळण्यासाठी, आणि त्यापायी त्यांतल्या अनेकांनी प्राण गमावले. लोकशाही देशांनीही हात स्वच्छ ठेवले नाहीत. १९४२मध्ये अमेरिकी काँग्रेसने युद्धकाळासाठी जनगणनेची गोपनीयता शिथिल केली आणि जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्याच्या कामी जनगणना विभागाची माहिती वापरली गेली. हा इतिहास माहीत असलेला माणूस ‘नोंदी उघडा’ असे बिनघोर म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये.

तरीही या इतिहासातून काय निष्पन्न होते, हे नीट पाहिले पाहिजे. ज्या माहितीने घात केला ती जिवंत माणसांची, चालू पत्त्यासह असलेली, सरकारच्या स्वतःच्या हातातली माहिती होती. सत्तेने ती मिळवण्यासाठी कोणत्याही अभिलेखागाराच्या वाचनकक्षात अर्ज केला नव्हता. शंभर वर्षे नागरिकांना बंद असलेली नोंदही सरकारला पहिल्या दिवसापासून उघडीच असते. मग सामान्य वाचकाला बंदी घालून त्या संकटावर कोणता उपाय होतो? उपाय करायचाच तर सरकारने कोणती माहिती मुळात गोळा करावी आणि एका खात्याने ती दुसऱ्याला द्यावी की नाही, यावर बंधन घालावे लागेल. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. त्याच हत्याकांडाच्या कागदांवर नंतर काय वेळ आली, हेही विसरता येणार नाही. जर्मनीतल्या बाड आरोल्सन इथे छळछावण्यांची दप्तरे, वाहतुकीच्या याद्या, वेठबिगार कामगारांची कार्डे असा सुमारे पावणेदोन कोटी माणसांविषयीचा साठा होता. तो अकरा देशांच्या देखरेखीखाली होता आणि २००७च्या नोव्हेंबरपर्यंत संशोधकांना बंद होता. बंदीच्या समर्थनार्थ जी कारणे दिली गेली, त्यांत माहिती-संरक्षणाचे कारण ठळक होते, आणि २००६च्या एप्रिलमध्ये जर्मन सरकारने भूमिका बदलल्यावरच कोंडी फुटली. आपली बहीण कोणत्या गाडीतून कुठे नेली गेली, हे विचारणारे लोक तोवर साठ वर्षे म्हातारे होत होते. आप्तांच्या चौकशीला उत्तर देण्याची व्यवस्था होती, पण उत्तराला अनेकदा वर्षे लागत. जीडीपीआर लिहिणाऱ्यांना हा प्रसंग आठवत असावा, असे मला वाटते, कारण प्रस्तावनेच्या १५८व्या परिच्छेदात हुकूमशाही राजवटी आणि नरसंहार यांच्याविषयीची माहिती अभिलेखागारांतून पुरवण्याची तरतूद करण्याची मुभा देशांना मुद्दाम दिली आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. मृताची माहिती ही जिवंत वारसाचीही माहिती असते. आइसलँडने १९९८मध्ये साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एकत्र करण्याचा कायदा केला, तेव्हा एका मुलीने आपल्या दिवंगत वडिलांची नोंद त्यात घालू देण्यास नकार दिला. २००३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला, कारण वडिलांच्या आनुवंशिक आजारांवरून तिच्याविषयी अनुमान काढता येणार होते. निकाल बरोबर होता. पिढ्यान्पिढ्यांच्या वंशावळी जिथे उपलब्ध आहेत, त्या देशात हे अनुमान काढणे किती सोपे ठरले असते! अलीकडच्या डीएनए चाचण्यांनी हा मुद्दा आणखी तीव्र केला आहे. २०१८मध्ये कॅलिफोर्नियातल्या जुन्या खुनांचा संशयित सापडला तो दूरच्या नातेवाइकांनी एका वंशावळ-संकेतस्थळावर स्वतःहून दिलेल्या जनुकीय माहितीवरून. एकाने दिलेली संमती अनेकांना बांधून ठेवते, हे त्यातून जगाला दिसले. म्हणून वैद्यकीय आणि जनुकीय माहितीला जन्म-मृत्यूच्या नोंदीहून कडक नियम हवेत, हे मी पूर्णपणे मान्य करतो.

मात्र आइसलँडच्या मुलीचा युक्तिवाद जन्मनोंदीपर्यंत ताणला, तर तो कोलमडतो. जनुकातून आजार कळतो. आजोबांच्या विवाहनोंदीतून फार तर लाज कळते. आणि एका पूर्वजाला वारस अनेक असतात. एका नातवाला आजोबांवरचा ठपका झाकलेला हवा असतो, दुसऱ्या नातीला घरातल्या पन्नास वर्षांच्या अबोल्याचे कारण हवे असते. दोघांचे रक्त एकच असताना नकाराधिकार पहिल्यालाच का? नेदरलँड्सच्या यादीतल्या अनेकांवर कधी खटलाच चालला नाही. केवळ संशयावरून त्यांची नावे तिथे आहेत आणि त्यांची मुले आजही हयात आहेत. त्या मुलांचे दुःख खरे आहे. पण आज नाव दिसते आणि त्यापुढचा कागद दिसत नाही, ही अवस्था त्यांच्या दृष्टीनेच सर्वांत वाईट आहे. ज्याची चौकशी होऊन काहीही निष्पन्न झाले नाही, त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा त्या न दिसणाऱ्या कागदातच आहे. अर्धवट उघडेपणाने संशय सर्वदूर पोहोचला आणि खुलासा एका शहरातल्या वाचनकक्षात राहिला.

फसवणुकीच्या भीतीचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांकांसह, म्हणजे नागरिकांच्या सरकारी ओळख-क्रमांकांसह, मृतांची यादी वर्षानुवर्षे खुली होती. मृत बालकांचे क्रमांक वापरून करपरतावे लाटल्याची प्रकरणे गाजली आणि २०१३च्या कायद्याने मृत्यूनंतरची तीन वर्षे ती यादी सर्वसामान्यांना बंद झाली. पालकांवर झालेला तो आघात खराच क्रूर होता. पण मेलेल्याचा क्रमांक परताव्याच्या अर्जावर आला, तर तो यादीशी ताडून पाहण्याचे काम कोणाचे? यादी असते तीच मुळी मेलेल्याच्या नावाने कोणी व्यवहार करू नये म्हणून. आयर्लंडमध्ये २०१४च्या जुलैमध्ये सरकारी संकेतस्थळावरची नागरी नोंदींची सूची काढून घ्यावी लागली, कारण तीत हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनाव दिसत होते. हयातांची माहिती हटवणे योग्यच झाले, आणि पुढे जन्म १०० वर्षे, विवाह ७५ आणि मृत्यू ५० वर्षे अशी स्वच्छ मर्यादा घालून त्या नोंदींच्या प्रतिमाही विनामूल्य खुल्या झाल्या, हेही चांगले झाले. पण आईचे माहेरचे आडनाव हे जणू गुपित आहे असे मानून बँकांनी त्यावर खात्यांची सुरक्षा उभारली होती, त्यांना कोणी काही विचारले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर निदान संन्याशाचा गुन्हा तरी सांगायला हवा.

आता संमतीचा प्रश्न. जनगणनेत माहिती देताना सरकारने गुप्ततेचे वचन दिलेले असते. ते शंभर वर्षांनी मोडले तरी मोडलेच, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद प्रामाणिक आहे. वचन मोडले, तर पुढच्या वेळी लोक खरे सांगणार नाहीत, ही भीतीही रास्त आहे. अनुभव मात्र काय सांगतो? अमेरिका १९५२च्या एका समझोत्यापासून आणि १९७८पासून कायद्यानेच, जनगणनेचे तक्ते ७२ वर्षांनी उघडते. १ एप्रिल २०२२ रोजी १९५०चे तक्ते उघडले, आणि ते पाहणाऱ्यांतले कित्येकजण तर आपले स्वतःचे बालपण शोधत होते. तक्ते असे दर दहा वर्षांनी उघडत आले, म्हणून पुढच्या जनगणनांना लोकांनी दारे लावून घेतली नाहीत. ब्रिटनने १९११ची जनगणना माहिती आयुक्ताच्या निर्णयानंतर २००९मध्ये, म्हणजे ठरल्या वेळेआधी उघडली, पण व्यंग आणि मानसिक आजार यांचा रकाना २०१२पर्यंत झाकून ठेवला. मला हा या सगळ्या वादातला सर्वांत समंजस निर्णय वाटतो: एका रकान्यातले दुखणे त्या रकान्यापुरते झाकले गेले आणि बाकीचे पान मोकळे झाले. कॅनडात १९०६ आणि १९११च्या तक्त्यांवरून मोठा झगडा झाला. सांख्यिकी विभाग वचनाचा हवाला देत राहिला. संशोधकांनी दाखवून दिले की प्रगणकांना दिलेल्या त्याच सूचनांत हे तक्ते कायमस्वरूपी नोंद म्हणून अभिलेखागारात ठेवले जातील, असेही लिहिले होते. वचन द्यायचेच, तर मुदतीसह द्यावे, म्हणजे कोणाचाच विश्वासघात होत नाही.

संमतीचे तत्त्व टोकाला नेले तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलिया आहे. तिथे विसाव्या शतकात जनगणनेचे अर्ज आकडेवारी काढून झाली की खासगीपणाच्या नावाने नष्ट केले जात. २००१मध्ये प्रथमच आपली माहिती ९९ वर्षे सांभाळून मग उघडावी का, असे लोकांना विचारले गेले आणि निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी होकार दिला. ज्यांनी होकार दिला नाही त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही कागदावरून गेली, कारण घरातल्या सर्वांचा अर्ज बहुधा एकच मोठा माणूस भरतो. आयर्लंडच्या १८६१ आणि १८७१च्या जनगणनेचे तक्ते सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धातल्या कागदटंचाईत लगद्यात गेले, आणि त्याआधीचे बहुतेक सारे १९२२च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जळाले. दुष्काळाने आणि स्थलांतराने जगभर विखुरलेल्या त्या समाजाला आज १९०१च्या मागे जाताना जमीनमोजणीच्या वह्या आणि चर्चची दप्तरे जुळवत बसावे लागते. आग आणि धोरण यांत परिणामाचा फरक राहत नाही. बंद पेटी उघडता येते. जाळलेल्या कागदासमोर न्यायालयही हतबल असते.

नाश कधीच योग्य नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि त्यासाठी कॅनडाचेच दुसरे उदाहरण समोर आहे. तिथल्या निवासी शाळांत आदिवासी मुलांवर अत्याचार झाले. भरपाईसाठी त्या पीडितांनी प्रौढपणी ज्या साक्षी दिल्या, त्या गुप्ततेच्या आश्वासनावर दिल्या. २०१७मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की या साक्षी पंधरा वर्षे ठेवून मग नष्ट कराव्यात, आणि ज्याला आपली साक्ष जपायची असेल त्याने तसे सांगावे. इतिहासकारांना हा निर्णय खुपला, पण तो मला पटतो. इथे बोलणारा हयात होता, आपणहून बोलला होता, आणि जपण्याचा वा नष्ट करण्याचा निर्णय त्याच्याच हाती राहिला. शाळेच्या हजेरीपटाला किंवा मुलांच्या मृत्युनोंदीला हा न्याय लागू होत नाही, कारण त्या संस्थेच्या कारभाराच्या नोंदी आहेत आणि संस्थेला लाजेचा हक्क नसतो.

मुदतीशिवायच्या गोपनीयतेचे टोक पाहायचे, तर न्यूयॉर्क राज्यातल्या विलार्ड इथल्या जुन्या मनोरुग्णालयाकडे पाहावे. १९९५मध्ये ते बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या सुमारे चारशे पेट्या सापडल्या: कपडे, पत्रे, छायाचित्रे, घरातून निघताना बरोबर घेतलेले सामान. त्या माणसांवर प्रदर्शने झाली, पण त्यांची पूर्ण नावे सांगायला राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाने खासगीपणाच्या कायद्यावर बोट ठेवून नकार दिला. दफनभूमीतही कबरींवर नावाऐवजी क्रमांक होते. हयातीत ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांना मृत्यूनंतर निनावी ठेवून कोणाची प्रतिष्ठा जपली जाते? अमेरिकेच्या आरोग्य-गोपनीयतेच्या नियमात मृत्यूनंतरच्या संरक्षणाला पूर्वी अंतच नव्हता. २०१३मध्ये तो मृत्यूनंतर ५० वर्षे असा ठरवला गेला. आकडा चाळीस असावा की साठ, यावर वाद होऊ शकतो. आकडा असायला हवा, हे मान्य करण्यात दशकभराचा काळ गेला.

स्वतःच्या जन्माचा शोध ही तर वेगळीच बाब आहे, आणि तिला छंदाच्या वंशावळीबरोबर एका रांगेत उभे करणे हा या वादातला सर्वांत मोठा अन्याय आहे. स्कॉटलंडमध्ये दत्तक गेलेल्या व्यक्तीला १९३०पासून, म्हणजे दत्तक कायदा आला तेव्हापासूनच, प्रौढपणी आपली मूळ जन्मनोंद पाहता येते. इंग्लंड आणि वेल्सने तो हक्क १९७५च्या कायद्याने दिला. आयर्लंडमध्ये १९९८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जन्मदात्या आईच्या खासगीपणाचा हक्क आणि अपत्याचा ओळखीचा हक्क यांचा तोल प्रत्येक वेळी नव्याने साधायचे ठरवले. व्यवहारात त्याचा अर्थ बहुतेकांना नकार असा झाला, आणि २०२२च्या कायद्यानेच जन्मदाखल्याची दारे पूर्णपणे उघडली. त्या आईच्या बाजूने बोलले पाहिजे, कारण तिच्यावर झालेला अन्याय भयंकर होता. परंतु अविवाहित मातांना कोंडणाऱ्या संस्थांत गुप्तता हे अनेकदा तिने मागितलेले संरक्षण नव्हते, ती तिच्यावर लादलेली अट होती. नव्या कायद्याने आईला संपर्क नको असल्यास तसे नोंदवण्याची सोय ठेवली आणि कागद मात्र अपत्याच्या हाती दिला. भेटायचे की नाही हा दोघांचा प्रश्न आहे. आपण कोणाच्या पोटी जन्मलो हा एकाचाच.

राहता राहिला परदेशातून अर्ज करणाऱ्याचा प्रश्न, ज्याच्याकडे या वादात फार थोड्यांचे लक्ष जाते. मुदत संपण्याआधी नोंद हवी असेल, तर जवळपास सगळीकडे दोन गोष्टी मागितल्या जातात: संबंधित व्यक्ती मृत असल्याचा पुरावा आणि तिच्याशी असलेले नाते. जर्मन कायदा पती-पत्नी, पूर्वज आणि थेट वंशज यांना हक्क देतो. इतरांसाठी नोंदीतला शेवटचा माणूस मरून ३० वर्षे झाली असतील आणि कारण सबळ असेल तर वाट ठेवतो. तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. पण जी कुटुंबे मुळापासून नष्ट झाली, त्यांच्यात थेट वंशज उरलेलाच नसतो. शोधणारा असतो दुसऱ्या खंडातला भावाचा पणतू. त्याच्याकडे मृत्यूचा दाखला मागितला जातो, आणि छावणीत मारलेल्या असंख्य माणसांना दाखला देणारे त्या वेळी कोणी नव्हते. म्हणून तर १९४९मध्ये आरोल्सनला त्या मृत्यूंच्या नोंदीसाठी खास निबंधक कार्यालय काढावे लागले, आणि तिथेही प्रत्येक मृत्यू नोंदला गेलेला नाही. १९२८ साली जन्मलेल्या आणि १९४३मध्ये बेपत्ता झालेल्या मुलाची जन्मनोंद अशा वेळी २०३८पर्यंत त्याच्या खासगीपणासाठी बंद राहू शकते. अशा प्रकरणांत पुराव्याचे ओझे अर्जदाराच्या पाठीवरून काढून कार्यालयावर टाकले पाहिजे: हद्दपारीच्या यादीत नाव असेल आणि त्यानंतर हयातीची एकही खूण सापडत नसेल, तर ती व्यक्ती मृत मानून नोंद द्यावी, आणि द्यायची नसेल तर ती जिवंत असल्याचे कारण कार्यालयाने लेखी दाखवावे.